वेस उघडल्यानंतर

गेल्या पाचसहा वर्षांत एका विशिष्ट धाटणीचा लेख आपणा सर्वांच्या वाचनात वारंवार आला असेल. संमेलनांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, शाळा-महाविद्यालयांची वार्षिके, कोठेही पाहावे तर तो आहेच. त्याचा सांगाडा आता पाठ झाला आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी येते. लेखक घरात अडकतो. प्रथम तो त्रासतो, मग माळ्यावरची जुनी पुस्तके खाली काढतो, खिडकीबाहेरच्या बुलबुलाकडे त्याचे आयुष्यात प्रथमच लक्ष जाते, पत्नीच्या हातच्या आमटीची चव त्याला नव्याने कळते. आणि निर्बंध सैल होऊ लागतात तेव्हा, म्हणजे लेखाच्या अखेरच्या परिच्छेदात, त्याला साक्षात्कार होतो की आजवर आपण ज्याच्यामागे धावलो ते सारे व्यर्थ होते आणि यापुढे आयुष्याचे अग्रक्रम बदलले पाहिजेत.

हा लेख खोटा असतो असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणण्याचा मला अधिकारही नाही, कारण असा एक लेख मीही लिहिला आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात तो एका स्मरणिकेत छापून आला आणि चारदोन स्नेह्यांनी त्याबद्दल अभिनंदनही केले. मध्यंतरी कपाट आवरताना तो हाती लागला आणि वाचताना मला मोठा संकोच वाटला. भाषा शुद्ध होती, भावना प्रामाणिक होती, तरीही त्यात काहीतरी लटके होते. ते काय, याचा शोध घ्यावा म्हणून साथींविषयीचे काही थोर ग्रंथ मी पुन्हा काढले आणि ते बहुधा शेवटाकडून वाचले. साथ आली तेव्हा काय झाले हे सारेच सांगतात. साथ ओसरून वेस उघडल्यावर काय झाले, हे कोण कसे सांगतो, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता.

आपल्या टाळेबंदी-लेखाचा मूळ पुरुष कोण, असे कोणी विचारले तर मी बोकॅचिओचे नाव घेईन. १३४८ च्या प्लेगात फ्लॉरेन्स शहर ओस पडत असता सात तरुणी आणि तीन तरुण एका चर्चमध्ये भेटतात, गावाबाहेरच्या बंगल्यात जाऊन राहतात आणि दहा दिवसांत शंभर गोष्टी सांगतात. बाहेर मृत्यू आणि आत बाग, ही रचना येथून आली. डेकॅमेरॉनच्या आरंभी प्लेगचे वर्णन सविस्तर आहे. परतीला मात्र ग्रंथकाराने चार ओळी दिल्या आहेत. मंडळी शहरात येतात, त्याच चर्चपाशी एकमेकांचा निरोप घेतात आणि आपापल्या वाटेने जातात. प्लेग अजून संपलेलाही नाही. त्यांच्या आयुष्यात काय बदलले हे बोकॅचिओ सांगत नाही आणि बदलले असावे असा आवही आणत नाही. आणखी एक गोष्ट मला या वाचनात प्रथमच दिसली. या दहा जणांबरोबर सात नोकर-मोलकरणीही गेलेल्या आहेत. ग्रंथकार त्यांची नावे देतो, कोणी काय काम करावयाचे तेही सांगतो. पण गोष्ट सांगण्याची पाळी त्यांच्यावर कधी येत नाही. माझ्या लेखातील आमटी कोणी केली, भाजी दारापर्यंत कोणी आणून दिली, याचा विचार हे वाचताना मनात आल्यावाचून राहिला नाही.

साथीने माणसे शहाणी होतात हा समज किती भाबडा आहे, हे पाहावयाचे तर थ्युसिडिडीसकडे जावे. इसवी सनापूर्वी ४३० मध्ये अथेन्समध्ये साथ आली. स्वतः थ्युसिडिडीसला ती लागली आणि तो वाचला. त्याने नोंदविलेली अग्रक्रमांची फेरमांडणी आपल्या लेखांतील फेरमांडणीच्या नेमकी उलट आहे. उद्याचा भरवसा नाही असे दिसताच लोकांनी पैसा भराभर उधळला, कायद्याचे आणि देवाधर्माचे भय सोडले. सत्कर्मासाठी कष्ट घेण्यास कोणी तयार होईना, कारण त्याचे फळ मिळेपर्यंत आपण जगू याची खात्री कोणाला होती? जे आजारातून उठले त्यांना त्या आनंदात असेही वाटू लागले की यापुढे आपल्याला कोणताच रोग मारू शकणार नाही. वैराग्य आणि उधळपट्टी ही एकाच भयाची दोन अपत्ये आहेत, हे त्याने फार पूर्वी पाहून ठेवले आहे.

परंतु वेस उघडण्याच्या काळाचा खरा इतिहासकार डॅनियल डिफो. त्याचा प्लेगच्या वर्षाचा वृत्तान्त १७२२ साली प्रसिद्ध झाला. वृत्तान्त आहे १६६५ च्या लंडनचा. त्या वर्षी डिफो जेमतेम पाच वर्षांचा होता. म्हणजे हे कागदपत्रे आणि ऐकीव गोष्टी यांवरून, एका खोगीर-व्यापाऱ्याच्या तोंडी घालून रचलेले लेखन आहे. तो व्यापारी दुकानासाठी आणि काहीशा ईश्वरी संकेताच्या भरवशावर शहरात थांबतो आणि जे पाहतो ते लिहितो. शैली रूक्ष, पुनरुक्तीने भरलेली. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मी तिला फारसे गुण दिले नसते. पण या रूक्षतेतच तिचे मोल आहे. हा मनुष्य सतत मोजत असतो. दर आठवड्याची मृत्युपत्रके तो उतरून घेतो, कोणत्या वस्तीत किती गेले याची तुलना करतो, अधिकृत आकड्यांवर शंका घेतो. रोगी निघालेल्या घराच्या दारावर तांबडा क्रूस काढून सारे कुटुंब आत कोंडीत आणि बाहेर पहारेकरी बसवीत; या उपायाने रोग थांबत नाही आणि निरोगी माणसे मात्र रोग्यांबरोबर मरतात, हे तो पुनःपुन्हा सांगतो.

त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, धंदे बंद पडल्यावर कोणाच्या पोटावर पाय आला याची तो यादी देतो: फिती विणणारे, जरतार ओढणारे, शिवणकाम करणाऱ्या बाया, टोप्या आणि हातमोजे करणारे, जहाजांवरचे खलाशी, गवंडी, आणि मालकांनी काढून टाकलेले घरगडी व मोलकरणी. यादी लांबते, वाचक कंटाळतो, आणि तो कंटाळत असतानाच त्याच्या ध्यानात येते की शहर बंद पडते म्हणजे नेमके काय होते. आमच्या बेळगावात वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत घराघरांतून यंत्रमाग आहेत. ज्यांनी ते माग मुके झालेले ऐकले आहेत त्यांना डिफोची ही पाने समजावून द्यावी लागणार नाहीत.

मग साथ उतरू लागते. मृत्युपत्रकातला आकडा एकदम खाली येताच लोक वेडावल्यासारखे बाहेर पडतात. दुकाने उघडतात, ज्याच्या अंगावर अजून गाठीची पट्टी आहे अशा माणसाबरोबरही बसतात-बोलतात. वैद्य पत्रके छापून सावध करतात. कोणी ऐकत नाही, आणि आकडा पुन्हा काही काळ वर जातो. साथीच्या ऐन भरात निरनिराळ्या पंथांचे धर्मोपदेशक एका व्यासपीठावर आले होते, ज्यांना एरवी चर्चमध्ये पाऊल ठेवू दिले नसते त्यांनी तेथे प्रवचने केली होती; भय सरताच पूर्वीचे सारे कलह पूर्ववत झाले. आणि येथे डिफो एक विलक्षण गोष्ट करतो. लोकांची कृतघ्नता आणि परतून आलेले दुराचार मी डोळ्यांनी पाहिले, पण त्यांची चर्चा करू लागलो तर लोक मला छिद्रान्वेषी म्हणतील, असे सांगून त्याचा निवेदक लेखणी आवरती घेतो आणि आपण स्वतः जिवंत राहिलो एवढेच सांगणाऱ्या चार ओबडधोबड काव्यपंक्तींवर ग्रंथ संपवितो. साऱ्या पुस्तकभर मोजणारा हा मनुष्य नेमक्या या ठिकाणी मोजणे सोडतो. याला काही टीकाकार दोष म्हणतील. मला यात मोठे सत्य दिसते. साथीनंतरचा हिशेब मांडू गेले तर आपलेही नाव त्या खात्यात येणार, हे त्या खोगीरवाल्याला कळलेले आहे.

आल्बेर काम्यूची प्लेगवरील कादंबरी १९४७ ची. ती मी महाविद्यालयात असता इंग्रजी भाषांतरातून वाचली होती. त्या वेळी प्राध्यापकांनी प्लेग म्हणजे फ्रान्सवरील जर्मन अंमल, असा तिचा रूपकात्मक अर्थ सांगितला आणि आम्ही तो टिपून घेतला. २०२१ मध्ये तीच कादंबरी पुन्हा वाचताना मला रूपकाची गरज भासली नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यास आर.टी.-पी.सी.आर. चाचणीचा दाखला लागू लागला होता आणि कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या अडविल्या जात होत्या. सीमाभागातल्या माणसाची लेक कोल्हापुरास दिलेली असते, सून चंदगडची असते. आमच्यासाठी राज्याची हद्द ही नकाशावरची रेघ होती. ती एकाएकी ओराँ शहराची वेस झाली.

काम्यूने वेस उघडण्याचा प्रसंग अत्यंत संयमाने लिहिला आहे. जानेवारीअखेर साथ आटोक्यात आल्याची घोषणा होते; तरीही वेस आणखी दोन आठवडे बंद राहते. फेब्रुवारीतल्या एका पहाटे ती उघडते. बंद शहरात अडकलेला पत्रकार रांबेर फलाटावर आपल्या प्रेयसीची वाट पाहतो आहे. जिच्यासाठी त्याने पळून जाण्याच्या अनेक खटपटी केल्या, ती गाडीतून उतरणार आहे. आणि त्याला वाटते ते समाधान नव्हे, अस्वस्थता वाटते. साथीने आपल्याला बदलले आहे हे त्याला जाणवते, आणि आपण पूर्वी होतो तसेच पुन्हा व्हावे अशी त्याला इच्छा होते. आपल्या लेखांत बदल हे नेहमी कमाईच्या बाजूला लिहिलेले असते. काम्यू ते हानीच्या बाजूला लिहितो. एवढ्या एका नोंदीसाठी मी ही कादंबरी थोर मानतो.

तारूचा मृत्यू याच भागात येतो. स्वयंसेवकांची पथके उभारणारा हा मनुष्य साथ मागे हटत असताना, जवळजवळ अखेरचा बळी म्हणून जातो. आणि लगेच डॉक्टर रियला दूरच्या आरोग्यधामात आपली पत्नी वारल्याची तार मिळते. शहरात लोक नाचत असताना हे घडते. आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक जून २०२१ मध्ये गेले. दुसरी लाट उतरत होती, वर्तमानपत्रांतील आकडे रोज खाली येत होते आणि आम्ही शाळा केव्हा भरणार याच्या चर्चेत होतो. माझ्या त्या स्मरणिकेतल्या लेखात त्यांच्यावर एक वाक्य आहे. बुलबुलावर तीन आहेत.

या कादंबरीतले माझे आवडते पात्र मात्र ग्राँ हा नगरपालिकेतला कनिष्ठ कारकून. पत्नी सोडून गेलेली. तिला पत्र लिहावयाचे, पण शब्द सापडत नाहीत. कादंबरी लिहावयाची, पण घोड्यावर बसून जाणाऱ्या एका स्त्रीचे पहिलेच वाक्य तो वर्षानुवर्षे घासत बसलेला. संध्याकाळी तो स्वयंसेवक पथकांच्या नोंदी आणि आकडेवारी ठेवतो. निवेदक म्हणतो की या वृत्तान्ताला नायक हवाच असेल तर तो हा घ्या. ग्राँला प्लेग होतो, तो आपले हस्तलिखित जाळावयास लावतो, आणि अनपेक्षितपणे बरा होतो. वेस उघडल्यावर तो सांगतो की पत्नीला पत्र लिहिले आहे आणि ते वाक्यही पुन्हा हाती घेतले आहे. फक्त त्यातली सारी विशेषणे काढून टाकली आहेत. साथीने घडविलेले परिवर्तन एवढेच! मराठी शिकविणाऱ्या आपणा मंडळींनी या प्रसंगाचा आपल्या गद्याच्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे.

काम्यूचा एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. ओराँ हे अल्जीरियातले शहर. तेथे अरबांची मोठी वस्ती. रांबेर त्या शहरात येतो तोच मुळी अरबांच्या राहणीची पाहणी करण्यासाठी. तो विषय पहिल्या काही पानांत निघतो आणि नाहीसा होतो. पुढे कादंबरीभर कोणी अरब आजारी पडत नाही, मरत नाही, वेस उघडल्यावर कोणाला भेटत नाही. बोकॅचिओने नोकरांना निदान नावे तरी दिली होती. एवढ्या सहृदय लेखकाच्या नजरेतून शहराचा केवढा तरी भाग निसटावा, याचे दुःख होते. आणि त्याचबरोबर अशा गोष्टी किती सहज निसटतात हेही कळते.

आपल्याकडील प्लेगचे काय? सप्टेंबर १८९६ मध्ये गोव्यातील हडफडे येथे जन्मलेल्या डॉ. आकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात त्याचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला तो हाच कायदा. पुढे २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, चापेकर बंधू फासावर गेले, टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. प्लेग म्हटले की मराठी मनाला आठवते ते हे. आठवावे हे योग्यच आहे. पण रँडच्या छायेत घराघरातला प्लेग झाकला गेला. झोपड्यांतून राहून परत आलेल्या कुटुंबाने आपली पडवी पुन्हा कशी सारविली, रिकाम्या झालेल्या पाटाचे काय केले, हे आपल्या वाङ्मयाने मनावर घेतले नाही. उत्तरेत १९१८ च्या इन्फ्लुएंझात निरालांची पत्नी आणि घरची बरीच माणसे गेली, आणि १९३९ च्या 'कुल्ली भाट'मध्ये त्यांनी ते नि:संकोचपणे लिहून ठेवले. त्या तोडीची नोंद त्या दोन्ही साथींनी आपल्याकडून लिहवून घ्यावयास हवी होती.

याच प्लेगात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले वारल्या. मुलगा यशवंत डॉक्टर. त्याने पुण्याजवळ उघडलेल्या दवाखान्यात त्या रोगी आणीत. एका आजारी मुलाला पाठीवर घालून आणताना त्यांना संसर्ग झाला, हे आपण शाळेत सांगतो. पण सांगताना एक गोष्ट सुटते. प्लेगमुळे सावित्रीबाईंच्या आयुष्याचे अग्रक्रम बदलले नाहीत. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा जे चालू झाले तेच एकोणपन्नास वर्षांनी चालू होते; प्लेग आला तेव्हा त्या आपल्या नित्याच्या कामावर होत्या, एवढेच. काम्यूचा डॉक्टर रियही शेवटच्या पानावर पहिल्या पानाइतकाच डॉक्टर असतो. ज्यांना साथीने काही नवे शिकविले नाही अशांच्या चरित्रांना साथीच्या वाङ्मयात जागा कमी मिळते, कारण त्यांच्यात सांगण्याजोगा साक्षात्कार नसतो.

साक्षात्काराचे खरे चित्र पाहावयाचे तर आमच्या शेजारच्या भाषेत जावे लागेल. यू. आर. अनंतमूर्तींची 'संस्कार' ही कन्नड कादंबरी १९६५ ची. दुर्वासपुराच्या अग्रहारात नारणप्पा हा आचारभ्रष्ट ब्राह्मण शिवमोग्ग्याहून प्लेग घेऊन येतो आणि मरतो. त्याचा अंत्यसंस्कार कोणी करावा यावर वाद सुरू होतो, आणि तो सुटेपर्यंत कोणाला जेवता येत नाही. चंद्रीने आपले दागिने क्रियेसाठी पुढे करताच नकार देणाऱ्यांची मने डळमळू लागतात. प्राणेशाचार्य पोथ्या चाळीत राहतात. उंदीर मरत राहतात. गिधाडे छपरांवर बसतात. आणि इकडे चंद्री एका मुसलमान मासळीविक्याच्या मदतीने रातोरात प्रेत जाळून मोकळी होते. धर्मनिर्णयाचा सारा विषय संपलेला असतो आणि ब्राह्मणांना त्याची वार्ताही नसते.

प्राणेशाचार्यांचे आयुष्य या साथीत खरोखर उलथून पडते. पण 'आता मला काय महत्त्वाचे आहे ते कळले' असे ते एकदाही म्हणत नाहीत. पत्नीला अग्नी देऊन ते वाट फुटेल तिकडे चालू लागतात. जत्रेच्या गर्दीत पुट्ट नावाचा बोलघेवडा सोबती त्यांना चिकटतो. आपण कोण हे त्याला सांगावे की लपवावे, एवढ्याच प्रश्नाने ते घामाघूम होतात. शेवटी ते दुर्वासपुराकडे जाणाऱ्या गाडीत बसतात आणि कादंबरी संपते. गावात पोचल्यावर ते काय सांगणार, लोक काय म्हणणार, हे अनंतमूर्ती लिहीत नाहीत. माझ्या पहिल्या वाचनात मला हा शेवट अपुरा वाटला होता. आता वाटते, लेखकाने आचार्यांना त्या गाडीतून उतरवून एखादा निश्चय करावयास लावला असता तर ही कादंबरी माझ्या स्मरणिकेतल्या लेखाच्या पंक्तीला येऊन बसली असती.

माझ्या लेखात लटके काय होते, ते आता बरेचसे स्पष्ट झाले आहे. त्या साऱ्या काळात माझा पगार एक महिनाही चुकला नव्हता. मला जे लाभले ती सक्तीची रजा होती, आणि त्या रजेतील चिंतनाला मी साथीची शिकवण असे नाव दिले. डिफोची यादी माझ्या लेखात नव्हती.

ती यादी माझ्याजवळ होती, हे अधिक लाजिरवाणे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यात नववी-दहावीचे वर्ग पुन्हा भरू लागले, त्यानंतर आम्ही शाळेच्या हस्तलिखितासाठी 'टाळेबंदीने मला काय शिकविले' या विषयावर मुलांकडून निबंध मागविले. साठाच्या आसपास आले. बहुतेकांत कुटुंब, आरोग्य, निसर्ग हीच त्रिसूत्री होती. मुले शिक्षकांना काय आवडते ते ओळखतात. एक निबंध अर्ध्या पानाचा होता. मुलगा विणकराचा. त्याने लिहिले होते की टाळेबंदीने मला कांड्या भरावयास शिकविले, धोटा अडकला तर सोडवावयास शिकविले. बापाने मोबाइल विकला म्हणून शाळेचे तास मला दिसले नाहीत. आता माग पुन्हा चालू झाला आहे, तेव्हा मी शाळेत किती दिवस येईन ते सांगता येत नाही. भाषा अशुद्ध, आरंभ-मध्य-शेवट काही नाही, विशेषण एकही नाही. परीक्षक म्हणून मी तो 'विषयाला धरून नाही' असा शेरा मारून बाजूला ठेवला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. मी एकदा एका शिपायास त्याच्या घरी पाठविले. घराला कुलूप होते. दुसऱ्यांदा पाठविले नाही, आणि त्याच हिवाळ्यात मी अग्रक्रमांवरचा माझा लेख लिहावयास घेतला.

या वेळी कपाट आवरताना तो अर्ध्या पानाचा कागदही निघाला. माझा लाल शाईतला शेरा त्याच्या डोक्यावर तसाच आहे. वडगावातल्या त्या गल्लीत मी गेल्या महिन्यात जाऊन आलो. कुटुंब इचलकरंजीस गेले, असे शेजारच्या बाईंनी सांगितले. मुलगा आता मोठा झाला असेल, मागावर असेल, असेही त्या म्हणाल्या. पत्ता त्यांच्याजवळ नव्हता. त्यांच्या दिराला ठाऊक असावा, तो शनिवारी येतो.